तीन पायांचा ट्रान्झिस्टर, दोन नोबेलचा जॉन

ग्रुप प्रोजेक्टमध्ये काम एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, हे तुम्ही कधी ना कधी पाहिलं असेल. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या ग्रुप प्रोजेक्टमध्येही हेच झालं होतं. तिथे वाद घालत न बसता पुढे निघून गेलेल्या जॉन बार्डीन यांची ही गोष्ट.

मिनी प्रोजेक्टचे दिवस आले की होस्टेलच्या टेबलावर ब्रेडबोर्ड, जंपर वायरी आणि लाल एलईडींची पुडी दिसायला लागते. पहिला एलईडी लावणं सोपं असतं. अर्डुइनो उनोच्या एका पिनला 220 ओहमचा रेझिस्टर, पुढे एलईडी, मग ग्राउंड. झालं काम. तो लुकलुकला की व्हिडिओ लगेच स्टेटसला जातो. मग हाव सुटते. त्याच पिनवर एकदम दहा लावू, गणपतीच्या मखराला माळ करू, दुकानांवर पळत्या अक्षरांचे बोर्ड असतात तसं काहीतरी बनवू.

इथे गणित आडवं येतं. पिनमधून मिळतात 5 व्होल्ट. लाल एलईडी त्यातले साधारण 2 व्होल्ट खातो. उरलेले 3 व्होल्ट 220 ओहमवर पडले की करंट येतो साधारण 13 मिलीअँपिअर. दहा एलईडींचे झाले 130. उनोच्या एका पिनकडून मात्र 20 मिलीअँपिअरपेक्षा जास्त मागू नये, आणि 40 ही तर शेवटची मर्यादा. म्हणजे एकतर एलईडी मिणमिणतील, नाहीतर पिन कायमची जाईल.

यावरचा उपाय किटच्या डब्यात कोपऱ्यात पडलेला असतो. काळा, शेंगदाण्याएवढा, तीन पायांचा ट्रान्झिस्टर. तो काय करतो हे समजायला पैठणला चला. जायकवाडीला 27 दरवाजे आहेत. पाणी सोडायचं ठरलं की माणूस बटण दाबतो आणि दरवाजा वर सरकतो. गोदावरीचं पाणी त्या माणसाच्या बोटातून जात नाही. बोटाचं काम फक्त हुकूम द्यायचं, पाणी धरणाचं. ट्रान्झिस्टरमध्ये बेस हा पाय म्हणजे ते बटण. तिथे पिननं थोडासा करंट दिला की कलेक्टर आणि एमिटर या दोन पायांमधला मोठा रस्ता उघडतो, आणि एलईडींचा सगळा भार थेट पॉवर सप्लायवर जातो. पिन नुसती सांगते, वाहून नेतो ट्रान्झिस्टर.

ही युक्ती पहिल्यांदा प्रत्यक्षात आणणाऱ्या दोघांपैकी एक होते जॉन बार्डीन. फिजिक्सचं नोबेल दोनदा मिळालेला आजवरचा एकमेव माणूस. आइनस्टाइनचा फोटो आपण टी-शर्टवर घालतो. बार्डीन यांचा चेहरा मात्र बहुतेकांना ओळखताही येणार नाही.

तिसरीतून थेट सातवीत

जॉनचा जन्म 23 मे 1908 चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन गावचा. वडील तिथल्या मेडिकल कॉलेजचे पहिले डीन. पोरगा इतका हुशार की घरच्यांनी त्याला तिसरीतून उचलून थेट सातवीत बसवलं. पण शाळेत असतानाच आई कॅन्सरनं गेली. मुळातच कमी बोलणारा जॉन.

पंधराव्या वर्षी तो विस्कॉन्सिन विद्यापीठात दाखल झाला आणि त्यानं इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग घेतलं. 1928 मध्ये पदवी, 1929 मध्ये मास्टर्स. पुढे गल्फ या तेल कंपनीच्या संशोधन विभागात नोकरी लागली. जमिनीखाली तेल कुठे असेल, हे चुंबकीय आणि गुरुत्वाकर्षणाच्या मोजमापांवरून शोधायचं काम.

आता जरा काळ लक्षात घ्या. अमेरिकेत महामंदी सुरू होती. बँका बुडत होत्या, लोक रांगा लावून ब्रेड घेत होते. अशा वेळी हातातली पगाराची नोकरी 1933 मध्ये सोडून जॉननं प्रिन्स्टनला गणित आणि फिजिक्समध्ये पीएचडी करायचं ठरवलं. प्लेसमेंट मिळाल्यावर ती सोडून पुन्हा शिकायला जातो म्हटलं तर आपल्या घरी काय होईल, याची कल्पना करून बघा! प्रिन्स्टनला त्यांचे गाइड होते यूजीन विग्नर, ज्यांना पुढे स्वतःलाही नोबेल मिळालं. तिथून हार्वर्ड, मग मिनेसोटा विद्यापीठात शिकवणं. 1938 मध्ये जेन मॅक्सवेल यांच्याशी लग्न झालं. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलाच्या प्रयोगशाळेत होते. युद्ध संपलं आणि 1945 मध्ये ते न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये रुजू झाले.

सोन्याची पट्टी, ब्लेड आणि पेपर क्लिप

बेल लॅब्ज म्हणजे टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. कंपनीची अडचण साधी होती. हजारो मैलांच्या वायरीतून आवाज जाता जाता क्षीण होतो, म्हणून तो वाटेत पुन्हा मोठा करावा लागतो. त्यासाठी काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब वापरायचे. त्या तापायच्या, भरपूर वीज खायच्या आणि बल्बसारख्या जळून जायच्या. त्यांच्या जागी घन पदार्थाचा, न तापणारा काहीतरी पर्याय हवा होता.

गटाचे प्रमुख होते विल्यम शॉकली. अत्यंत बुद्धिमान आणि तितकेच ईर्षेचे. त्यांनी एक कल्पना मांडली होती, पण प्रयोगात ती काही केल्या चालेना. बार्डीन आल्यावर त्यांना ते गणित तपासायला दिलं गेलं. बार्डीन यांनी कारण शोधलं: अर्धवाहकाच्या पृष्ठभागावरच काही इलेक्ट्रॉन अडकून बसतात आणि बाहेरून दिलेला विद्युत प्रभाव आत पोचूच देत नाहीत. प्रयोग फसत होता कारण दारातच कडी लागलेली होती.

बेल लॅब्जमध्ये तेव्हा जागेची टंचाई होती, त्यामुळे बार्डीन यांना बसायला मिळालं वॉल्टर ब्रॅटन यांच्या खोलीत. ही अडचण जगाला फार फायद्याची ठरली. ब्रॅटन प्रयोगात पटाईत, हातात जादू, तोंडाला खळ नाही. बार्डीन सिद्धांतवाले, दिवसभरात मोजकी वाक्यं बोलणारे. एकानं विचार करायचा, दुसऱ्यानं लगेच तो करून बघायचा, आकडे फळ्यावर मांडायचे, पुन्हा विचार. नोव्हेंबर आणि डिसेंबर 1947 असेच गेले.

16 डिसेंबर 1947 ला ते जमलं. प्लास्टिकच्या एका त्रिकोणी तुकड्याला सोन्याची पातळ पट्टी चिकटवलेली. टोकाशी ब्लेडनं ती अलगद कापलेली, म्हणजे सोन्याची दोन टोकं तयार झाली. मधलं अंतर मिलिमीटरच्या साधारण विसाव्या भागाएवढं. हे सगळं जर्मेनियमच्या तुकड्यावर दाबून धरायला पेपर क्लिप वाकवून केलेली स्प्रिंग. दिसायला अगदी आपल्या पहिल्या सबमिशनच्या जुगाडासारखं! पण एका टोकाला दिलेला बारीक सिग्नल दुसऱ्या टोकाला मोठा होऊन बाहेर पडला.

त्या संध्याकाळी बार्डीन घरी गेले. जेन स्वयंपाकघरात होत्या. आज काहीतरी महत्त्वाचं सापडलं, एवढंच ते पुटपुटले आणि विषय तिथेच संपला.

23 डिसेंबरला लॅबच्या वरिष्ठांसमोर प्रात्यक्षिक झालं. 30 जून 1948 ला न्यूयॉर्कमध्ये पत्रकार परिषद घेऊन ही बातमी जगाला सांगितली. आम्हा मास कॉमवाल्यांना इथे हमखास ठसका लागतो. न्यूयॉर्क टाइम्सनं शतकातली ही बातमी आतल्या पानावर, रेडिओच्या सदरात, अगदी शेवटी उरकली.

फोटोत मधे कोण?

ट्रान्झिस्टरचा एक प्रसिद्ध फोटो तुमच्या टेक्स्टबुकमध्येही असेल. टेबलाशी बसून सूक्ष्मदर्शकावर वाकलेले एकजण, मागे उभे दोघे. बसलेले आहेत शॉकली. टेबल आणि सूक्ष्मदर्शक ब्रॅटन यांचं. मागे उभे बार्डीन आणि ब्रॅटन, म्हणजे ज्या दोघांच्या हातून 16 डिसेंबरचा प्रयोग झाला ते. ब्रॅटन यांना हा फोटो शेवटपर्यंत आवडला नाही.

भांडण पेटंटवरून आणखी चिघळलं. मूळ कल्पना आपली, म्हणून पेटंटही आपल्या नावावर हवं, असं शॉकली यांचं म्हणणं. कंपनीच्या वकिलांनी जुनी कागदपत्रं चाळली. त्या कल्पनेशी जुळणारं ज्युलियस लिलिएनफेल्ड यांचं पेटंट आधीच होतं. त्यामुळे नव्या ट्रान्झिस्टरच्या पेटंटवर फक्त बार्डीन आणि ब्रॅटन यांची नावं राहिली.

शॉकली पेटून उठले. नव्या वर्षाच्या सुट्टीत शिकागोच्या हॉटेलात खोलीचं दार लावून ते लिहीत बसले आणि महिन्याभरात त्यांनी जंक्शन ट्रान्झिस्टरची रचना कागदावर मांडली. इथे आपणही प्रामाणिक राहू. सोन्याच्या दोन टोकांचा तो पहिला ट्रान्झिस्टर नाजूक होता आणि काही वर्षांत मागे पडला. तुमच्या किटमधला बीसी547 किंवा 2एन2222 हा शॉकली यांच्या जंक्शन घराण्यातला आहे. म्हणजे यात एक जण खलनायक आणि दोघे बिचारे, इतकी सरळ गोष्ट नाही. काम तिघांचंही खरं होतं.

बिघडलं ते पुढे. शॉकली यांनी या विषयातलं महत्त्वाचं काम स्वतःकडे ठेवलं आणि बार्डीन व ब्रॅटन यांना बाजूला सारलं. स्वतः शोधलेल्या गोष्टीवर काम करायची संधीच बार्डीन यांना मिळेना.

तुम्ही असता तर काय केलं असतं? वरिष्ठांकडे तक्रार? ग्रुपवर लांबलचक मेसेज? बार्डीन यांनी वरिष्ठांना आपलं म्हणणं शांतपणे कळवलं, आणि काही बदलत नाही हे दिसल्यावर 1951 मध्ये जगातली सर्वोत्तम प्रयोगशाळा सोडली. ते इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले. शेताशिवारांनी वेढलेलं शांत विद्यापीठ. वर्गात आवाज इतका हळू की पोरांनी त्यांचं नाव कुजबुजणारा जॉन असं ठेवलं.

शॉकली यांनी पुढे कॅलिफोर्नियात स्वतःची कंपनी काढली. त्यांच्या वागण्याला कंटाळून 1957 मध्ये आठ तरुण एकदम सोडून गेले. त्यांच्यातल्याच दोघांनी नंतर इंटेल उभी केली.

फोडणीच्या वेळी नोबेल

1 नोव्हेंबर 1956. बार्डीन सकाळी घरी अंडी परतत होते आणि रेडिओवर बातमी आली की फिजिक्सचं नोबेल शॉकली, बार्डीन आणि ब्रॅटन यांना. हातातलं भांडं सुटून नाश्ता जमिनीवर पडला.

स्टॉकहोमला जाताना त्यांनी सगळ्या मुलांना सोबत नेलं नव्हतं, उगाच त्यांचं शिक्षण बुडायला नको म्हणून. स्वीडनच्या राजांनी त्यावरून थट्टेत टोकलं. पुढच्या वेळी सगळ्यांना आणतो, असं बार्डीन यांनी आश्वासन दिलं. लोक हसले असतील. पुढची वेळ कुणाला येते?

परिषदेला न गेलेला माणूस

बार्डीन यांच्या डोक्यात मात्र वेगळाच विषय घोळत होता. काही धातू अतिथंड केले की त्यांचा विद्युत रोध पूर्ण नाहीसा होतो. याला अतिवाहकता म्हणतात. पाऱ्यात हे 1911 मध्ये, शून्याखाली 269 अंशांच्या आसपास दिसलं होतं. पण का होतं, ते कुणालाच सांगता येईना. बार्डीन यांनी स्वतः तीसच्या दशकात प्रयत्न केला होता आणि हात टेकले होते.

आता त्यांनी पुन्हा हात घातला, तो दोन तरुणांना घेऊन. लिऑन कूपर नुकतेच पीएचडी झालेले. रॉबर्ट श्रीफर तर अजून विद्यार्थीच. कूपर यांनी दाखवलं की अशा थंडीत इलेक्ट्रॉन जोड्या करतात. 1957 च्या सुरुवातीला श्रीफर यांना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बसल्या बसल्या गणिताचा नेमका साचा सुचला. बार्डीन यांच्या अनुभवानं बाकीचं कोडं सुटत गेलं. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून या सिद्धांताला बीसीएस म्हणतात. आज एमआरआय मशिनमधले शक्तिशाली चुंबक याच अतिवाहकतेवर चालतात.

आता नीट वाचा. मार्च 1957 मध्ये फिलाडेल्फियाला भौतिकशास्त्रज्ञांची मोठी परिषद होती. 46 वर्षांचं कोडं सुटल्याची घोषणा तिथे व्हायची होती. बार्डीन गेलेच नाहीत. नोबेल मिळालेला ज्येष्ठ माणूस व्यासपीठावर असला की सगळे त्याच्याकडेच बघणार, हे त्यांना कळत होतं. पोरांनी बोलावं, पोरांचं नाव व्हावं, म्हणून ते घरी राहिले. निरोप उशिरा मिळाल्यानं श्रीफर वेळेत पोचू शकले नाहीत, म्हणून दोघांच्या वतीनं कूपरच बोलले.

पुढे त्यांना वेगळीच काळजी लागली. एकाच विषयात एकाच माणसाला दोन नोबेल कधी दिलेली नव्हती. आपल्या नावामुळे या दोघांचं नोबेल अडेल की काय? 1972 मध्ये तिघांनाही ते मिळालं आणि काळजी मिटली. बातमी आली त्या दिवसाचा एक किस्सा सांगतात. समारंभाला निघायचं होतं आणि गॅरेजचं आपोआप उघडणारं दार उघडेना. बिघडला होता दाराच्या सर्किटमधला ट्रान्झिस्टर! या वेळी स्टॉकहोमला त्यांनी मुलांना नेलं. राजांना दिलेला शब्द पाळला.

आणि तो लाल दिवा?

आता ब्रेडबोर्डवरच्या दुसऱ्या पात्राकडे वळू. इलिनॉयमध्ये बार्डीन यांच्याकडे आलेला पहिला पीएचडी विद्यार्थी होता निक होलोन्याक. स्थलांतरित कोळसा खाणकामगाराचा मुलगा, स्वतःही रेल्वेवर मजुरी केलेला. व्हॅक्यूम ट्यूबवरचं काम सोडून तो बार्डीन यांच्या अर्धवाहकांच्या प्रयोगशाळेत आला. याच होलोन्याक यांनी 9 ऑक्टोबर 1962 ला जनरल इलेक्ट्रिक कंपनीत डोळ्यांना दिसेल असा लाल प्रकाश देणारा पहिला व्यवहारात उतरलेला एलईडी तयार केला.

म्हणजे पिन, ट्रान्झिस्टर आणि लाल एलईडी असं साधं सर्किट तुम्ही जोडता, तेव्हा एका गुरूचं आणि त्याच्या शिष्याचं काम एका वायरीनं जोडलेलं असतं.

श्रेयाचा खेळ होलोन्याक यांनाही चुकला नाही. 2014 मध्ये एलईडीसाठी नोबेल जाहीर झालं ते निळ्या एलईडीच्या तीन जपानी वंशाच्या संशोधकांना. होलोन्याक तेव्हा 85 वर्षांचे होते. त्यांनी आपली नाराजी लपवली नाही. पण त्याच्या बऱ्याच आधी, ट्रान्झिस्टर रेडिओवर मोठी झालेली जपानची सोनी कंपनी इलिनॉय विद्यापीठात एक अध्यासन सुरू करायला पैसे देऊन बसली होती. नाव जॉन बार्डीन यांचं. त्यावर बसलेले पहिले प्राध्यापक होलोन्याक.

बार्डीन 30 जानेवारी 1991 ला बोस्टनमध्ये गेले, 82 व्या वर्षी. शेवटपर्यंत पेपर वाचत, विद्यार्थ्यांना भेटत आणि जमेल तेव्हा गोल्फ खेळत राहिले. बेल लॅब्जमध्ये त्यांच्यावर अन्याय झाला की नाही, यावर पुस्तकं लिहिली गेली. त्यांनी स्वतः त्यावर फार शब्द खर्च केले नाहीत. पण स्वतःचा गट झाल्यावर आपल्याशी जे झालं ते त्यांनी दुसऱ्या कुणाशी होऊ दिलं नाही.

सेमिस्टरच्या शेवटी तुमच्याही रिपोर्टच्या पहिल्या पानावर चार नावं येतील. सोल्डरिंग कुणी केलं, कोड कुणी लिहिला, रात्री अडीच वाजता चुकीची वायर कुणाला सापडली, हे तुम्हा चौघांनाच माहीत असतं. व्हायवाला सर विचारतील तेव्हा ज्यानं जे केलंय त्यालाच ते बोलू द्या. सगळ्यात शांत बसलेल्या पार्टनरला आधी.

करून बघा: एक पिन, दहा एलईडी

- ट्रान्झिस्टर 2एन2222 घ्या. बीसी547 ची मर्यादा 100 मिलीअँपिअर, दहा एलईडींना तो कमी पडतो.
- पिन आणि बेस यांच्यामध्ये 470 ओहमचा रेझिस्टर. पिनमधून जेमतेम 9 मिलीअँपिअर जातील, म्हणजे पिन सुखरूप.
- प्रत्येक एलईडीला स्वतःचा 220 ओहमचा रेझिस्टर द्या. सगळ्यांना मिळून एकच लावला तर काही जास्त उजळतात, काही कमी.
- एलईडींची एक बाजू रेझिस्टरमधून 5 व्होल्टला, दुसरी कलेक्टरला. एमिटर ग्राउंडला.
- एलईडींना वेगळा सप्लाय दिला असेल तर त्याचा आणि अर्डुइनोचा ग्राउंड एकत्र जोडा. हे विसरलात तर काहीच पेटणार नाही.
- पायांचा क्रम कंपनीनुसार बदलतो. जोडण्याआधी डेटाशीट उघडा.
- पुढची पायरी: 8 बाय 8 चा मॅट्रिक्स. 64 एलईडी, पण पिना फक्त 16. एका वेळी एकच ओळ पेटवायची आणि ओळी इतक्या वेगानं बदलायच्या की डोळ्यांना सगळ्या एकदम दिसतात. ओळीच्या वायरीतून एका वेळी आठ एलईडींचा करंट जातो, म्हणून प्रत्येक ओळीला एक ट्रान्झिस्टर.